धूम्रगडाला नावं ठेवण्यापूर्वी

मिरज, ३ ऑगस्ट २०२५

ती. अण्णा,

वाकून नमस्कार. राखी वेगळ्या पाकिटात टाकली आहे. पत्र अशासाठी लिहिते की फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही, आणि उरलेलं अर्धं तू ओरडतोस म्हणून कळत नाही.

काम असं आहे. परवा वाचनालयात पेपर चाळताना निहारच्या खेळाबद्दल छापून आलेलं दिसलं. धूम्रगड. फोटोत पाचजण उभे, मधला आपला. दाढी वाढवलेली, शर्टाला इस्त्री नाही. खाली लिहिलंय की मराठी आणि कन्नडमध्ये खेळता येणारा हा साहसखेळ सहा महिन्यांपूर्वी बाहेर पडला आणि पोरं त्याच्यामागे वेडी झाली आहेत. तलवारी, राक्षस, मंतरलेले काढे. म्हणजे सरकारी संशोधन संस्थेतली कायमची नोकरी सोडून माझा मुलगा तीन वर्षं राक्षसांना शिंगं लावत बसला होता. त्याच्या नावाखाली 'शास्त्रज्ञ' लिहिलेली पितळी पाटी मी स्वतः करून आणली होती. ती आता धान्याच्या कोठीत आहे.

तो निघाला तेव्हा मी काय बोलले ते तुला ठाऊक आहे. खेळण्यांवर पोट भरणाऱ्याच्या घरचं मी पाणी पिणार नाही. तेव्हापासून तो बोलला नाही, मीही बोलले नाही. तो बंगळूरला आहे म्हणून तीन वर्षं तुझ्याकडे भाऊबीजेलाही आले नाही.

पण वाचनालयात एक गोष्ट टोचली. ज्याला मी नावं ठेवते ते मी पाहिलेलंच नाही. न चाखता आमटीला नाक मुरडणाऱ्या बाईला आपली आई काय म्हणायची, आठव. म्हणून ठरवलंय. हा खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळायचा, एकेक चूक वहीत उतरवायची, आणि मग त्याला एकाच ओळीचं पत्र लिहायचं: या भुशासाठी तू दाणे टाकलेस. त्यानंतर तो त्याच्या वाटेने, मी माझ्या. चुका सापडल्याच नाहीत तर, असं विचारू नकोस. सापडतील.

वहिनी म्हणाली, तूही हा खेळ खेळतोस. तर नवख्या माणसाने काय करायचं ते लिहून कळव. निहारचा जुना कॉम्प्युटर माडीवर होता, शेजारच्या शमिकाने त्यात खेळ घालून दिलाय. निहारला यातलं अक्षर कळता कामा नये.

तुझी,
हेमा

◆

मल्लेश्वरम, ११ ऑगस्ट २०२५

चि. हेमास विद्याधरचा आशीर्वाद, आणि तो तुला लागणार आहे.

राखी पोचली. तुझं पत्र वाचून वसुमती हसली आणि मी कपाळाला हात लावला. सहासष्टाव्या वर्षी तलवार हातात घेणारी तू आपल्या घराण्यातली पहिलीच. आजवर आपल्याकडे फक्त जिभा चालल्या.

आता ऐक. मी मॅट्रिकची पायरी चढलो नाही, पण इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चाळीस वर्षं काढली. ड्रॉइंग वाचायला माझं मी शिकलो, तसाच हा खेळही शिकलो. टूलरूममध्ये नवा माणूस आला की पहिला आठवडा मी त्याला मशीनला बोट लावू देत नसे. लोखंडाचा कीस झाड आणि बघ कोण काय करतंय. तुलाही तेच सांगतो. खेळ निंबवाडी नावाच्या गावात सुरू होतो. त्या गावातच राहा. वेशीबाहेर पूल आहे, त्यावर बोकडतोंड्या राक्षस बसलाय. तिकडे लगेच धावू नकोस. तुझा स्वभाव ठाऊक आहे म्हणून सांगतो.

गावातल्या प्रत्येकाशी दोनदा बोल. पहिल्यांदा लोक हवापाण्याचं बोलतात, कामाचं दुसऱ्यांदा निघतं. हे खेळाबाहेरही खरं आहे, पण तू कुणाशी दुसऱ्यांदा बोलतेस कुठे.

सुरुवातीलाच विचारतील, कोण व्हायचं? योद्धा, मांत्रिक, चोर की वैदू. नवखे सगळे योद्धा होतात आणि पुलावर मरतात. तू वैदू हो. वैदूला स्वतःच्या जखमा स्वतः बांधता येतात. कुणापुढे हात पसरणं तुला जमत नाही, तेव्हा तेच बरं.

घराघरात फडताळं आहेत, मडकी आहेत. उघडून पाहा, सापडेल ते घे. देवळात समई दिसली की लाव. समई लावली की खेळ तिथवर राखला जातो, मेलीस तरी तिथून पुढे सुरू. आणि काढे जपून ठेवत बसू नकोस. जखम झाली की पी. तुझ्या कपाटातल्या पैठण्यांसारखी त्यांची गत करू नकोस, न नेसता घडीवर विरलेल्या.

सोबत हातात धरून खेळायचं यंत्र पाठवतोय. त्याला रिमोट म्हणू नकोस, पोरं हसतात. इकडे म्हणतात तसं, स्वल्प धीर धर, मग सगळं सरी होतं, ठीक होतं.

अण्णा

◆

मिरज, २३ ऑगस्ट २०२५

ती. अण्णा,

तुझ्या सूचनांप्रमाणे वैदू झाले. आजवर चौदा वेळा मेले आहे. वहीत सात चुका झाल्या.

पहिली चूक. भीमाचार्य नावाचा एक म्हातारा निंबवाडीत राहतो. मी त्याच्या घरात शिरले तर तो समोर खाटेवर बसलेला. खेळ मला सांगतो, फडताळ उघडा. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या फडताळातला गूळ मी उचलायचा, आणि तो म्हणतो काय, आज हवा छान आहे. याला साहस म्हणतात? आपल्याकडे याला पोलिसात देतात. मी काही घेतलं नाही. एकाही घरातलं घेतलं नाही. मडकीही फोडली नाहीत. कुणाच्या तरी बाईने ती घासून लावली असतील.

दुसरी चूक. मी घरात शिरताना त्या वैदूचे जोडे काढते. निदान तेवढी सोय या शहाण्यांनी ठेवली आहे. पण बाहेर पडताना घाल म्हणून कुणी आठवण करत नाही. वेशीबाहेर गेलं की साप चावतो. चौदातली नऊ मरणं अनवाणी आली आहेत.

तिसरी. समई. मी दिवेलागणीला लावते, एकदा. भर दुपारी देवळात दिसली म्हणून समई लावत सुटायला मी काय वेडी आहे? त्यामुळे सकाळपासून गोळा केलेला पाला, मुळ्या, सगळं संध्याकाळच्या आत मेलं की जातं. काल तर संध्याकाळ व्हायला पाच मिनिटं होती आणि रानडुक्कर आलं.

म्हशीबद्दल सवडीने लिहीन. त्या गावात एक म्हैस आहे, तिला चार दिवसांत कुणी पाणी दाखवलेलं नाही.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मात्र नीट होती. वैदू होण्याची. तेवढी बरोबर कशी सांगितलीस याचं नवल वाटतं. मिक्सरचं झाकण उलटं लावणारा माणूस तू.

हेमा

◆

मल्लेश्वरम, १ सप्टेंबर २०२५

चि. हेमा,

गणपती बसले, गौरी आल्या, वहिनीने तुझ्या आठवणीने एक कडबू जास्त केला आणि मी तो खाल्ला.

तुझं पत्र वाचून आमच्याकडे जेवताना ठसका लागला. चिलखताचे जोडे दारात काढून रणांगणावर जाणारी वीरांगना जगाच्या इतिहासात तूच. बाई गं, ते जोडे नव्हेत, ते संरक्षण आहे. वेल्डिंगला बसताना कुणी चष्मा देव्हाऱ्यासमोर काढून ठेवतं का? आणि समई मुहूर्त बघून लावायची नाही. दिसली की लाव. दर दहा पावलांवर लाव. तेल तुझ्या घरचं जात नाही.

घरातल्या वस्तू न घेण्याचा तुझा निश्चय थोर आहे, पण असंच चाललं तर धूम्रगडाच्या दारात तू पळीपंचपात्र घेऊन उभी राहशील आणि समोर शेवटचा राक्षस, धूम्रासुर. असो. चोरी करायची नसेल तर रानातलं वेच. ओढ्याकाठी रानमध आहे, पिवळी फुलं आहेत, त्यांचा काढा होतो. डुकराशी समोरून लढू नकोस. ते सरळ धावतं, वळत नाही. तू बाजूला हो, ते झाडावर आपटतं. हट्टी प्राण्यांशी असंच वागावं लागतं, घरच्या अनुभवाने सांगतो.

आणखी एक. उजव्या बाजूच्या वरच्या बटणाने ढाल उचलली जाते. ते तर्जनीने दाबून धरावं लागतं. तुझी उजवी तर्जनी पुरती दुमडत नाही, तेव्हा खेळाच्या मांडणीत जाऊन ढाल डाव्या हाताकडे घे. तिथेच अक्षरं मोठी करायची सोय आहे. माणसं जे बोलतात ते खाली ओळीत लिहून येईल असंही करता येतं, म्हणजे ऐकू न येण्याची अडचण नाही. हे कर आणि मग मर. निदान खेळाचा दोष नाही हे तरी कळेल.

अण्णा

◆

मिरज, ९ सप्टेंबर २०२५

ती. अण्णा,

ढाल डावीकडे घेतली. बोकडतोंड्याचा पूल ओलांडला. डुक्कर झाडावर आपटलं. याबद्दल मी तुझे आभार मानणार नाही, कारण आता जे लिहिते आहे त्यापुढे ते सगळं फोल आहे.

पुलावरच्या मारामारीत मी अर्धमेली झाले आणि रांगत निंबवाडीला परत आले. वेशीवर भीमाचार्य उभा होता. मला घरी नेलं, खाटेवर बसवलं आणि वाटीभर खीर दिली. ती प्यायल्यावर जखमा भरल्या. इथवर मी काही बोलले नाही. खिरीत जायफळ दिसलं नाही, पण तेही सोडून दिलं.

खीर संपली आणि वाटी माझ्या पिशवीत राहिली.

मी वाटी घेऊन ओढ्यावर गेले, रानमध काढला, वाटीत घातला. आपल्यात कुणाचं भांडं आलं की ते रिकामं परत जात नाही. साखर घाला, चार शेंगा घाला, काही नसेल तर मूठभर तांदूळ घाला, पण रिकामं नाही. मधाची वाटी घेऊन म्हाताऱ्याकडे गेले. फडताळापुढे उभी राहिले. सगळी बटणं दाबली. डावी दाबली, उजवी दाबली, दोन्ही एकदम दाबली. फडताळ उघडतं, त्यातलं घ्या म्हणतं. आत काही ठेवायची सोयच नाही. म्हाताऱ्याच्या हातात द्यावी म्हटलं तर तो म्हणतो, आज हवा छान आहे.

शमिकाला बोलावलं. ती म्हणाली, काकू, या खेळांमध्ये परत देता येत नाही, फक्त घेता येतं. मी विचारलं, मग तो म्हातारा कोणत्या भांड्यात जेवणार? ती हसायला लागली.

अण्णा, मला हसू आलं नाही. एवढा गड रचला, एवढे राक्षस रचले, पानापानाला शीर काढली, आणि त्यात घ्यायला येतं, द्यायला येत नाही. तुझ्या भाच्याच्या तीन वर्षांचं सार हे. वहीत ही विसावी चूक आहे आणि तिच्यावर मी दोन रेघा मारल्या आहेत.

पण यात नवल ते काय. भांडं परत करायची सवय त्याला होती कुठे? तो निघाला त्या दिवशी मी त्याच्याशी बोलत नव्हते, तरी डबा भरून दिला होता. शेंगदाण्याची पोळी. माझ्या लग्नातला डबा, माझं नाव घातलेला. तीन वर्षं झाली. माणूस रागावेल, बोलणार नाही, समजू शकते. डबा तर पाठवून देईल.

हेमा

◆

मल्लेश्वरम, १५ सप्टेंबर २०२५

चि. हेमा,

पत्र पोचलं.

एका वाटीपायी तू खेळ अडवून बसली आहेस. वाटी पिशवीत राहू दे, तिचं वजन काही फार नाही. नाहीतर बाजारात सकवारबाईचं दुकान आहे, तिला विकून टाक आणि बरी तलवार घे. नवखी माणसं नको त्या गोष्टीत जीव अडकवतात, मग पुढचा रस्ता राहून जातो.

इकडे पाऊस आहे. आठव्या क्रॉसच्या रस्त्यावर पाणी तुंबलंय. वसुमतीचा गुडघा बरा आहे.

कॉम्प्युटरला इंटरनेट जोडलेलं राहू दे. हे लोक अधूनमधून खेळात दुरुस्त्या करतात म्हणे, त्या आपोआप येतात. तोवर उत्तरेच्या रानात जा. गडाची वाट तिकडूनच आहे.

वाटी मात्र विकू नकोस. मी आपलं असंच लिहिलं.

अण्णा

◆

मिरज, २९ सप्टेंबर २०२५

ती. अण्णा,

उत्तरेच्या रानात गेले, गड चढले. शेवटच्या दारापर्यंत पोचले आहे. तुझा धूम्रासुर दाराआड खोकतोय, ऐकू येत नाही, पण खाली ओळीत लिहून येतं, 'खोकण्याचा आवाज'. काढे नऊ आहेत. दार उघडलेलं नाही. का ते सांगते.

परवा कॉम्प्युटर लावला तर खेळ आधी स्वतःशीच काहीतरी करत बसला. मग पाटी आली: दुरुस्त्या. पहिली ओळ, निंबवाडीची म्हैस आता पाणवठ्यावर जाते. दुसरी ओळ, घरातून बाहेर पडताना जोडे घालण्याची आठवण केली जाईल. तिसरी ओळ, फडताळात वस्तू ठेवता येतील.

मी गड उतरले. दोन दिवसांची वाट उलटी चालून निंबवाडीला आले. वाटेत दिसेल ती समई लावली. मधाची वाटी अजून पिशवीत होती. दारात जोडे काढले. फडताळ उघडलं, वाटी ठेवली. ती राहिली. म्हातारा खाटेवरून उठला, वाटी पाहिली आणि म्हणाला, भांडं भरून आलं.

हवेबद्दल काही बोलला नाही.

आणि वरच्या फळीवर एक डबा होता. आधी नव्हता. उभा, कडीचा, स्टीलचा. मी बटण दाबून जवळून पाहिला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, हेमलता विलास, आणि त्यातल्या 'ल'चा एक ठिपका सुटलेला होता. भांडीवाल्याने लग्नात तो चुकवला होता, त्यावरून माझ्या सासूबाई त्याच्याशी भांडल्या होत्या. खेळात कुठल्याही वस्तूवर उभं राहिलं की खाली तिची माहिती येते. तलवारीखाली तिची धार, काढ्याखाली त्याचा गुण. या डब्याखाली लिहिलं होतं: दुसऱ्याचा डबा. रिकामा आहे. रिकामा परत करता येत नाही.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि शेंगा निवडत बसले.

आता तुझ्याकडे वळते. माझं बोट ट्रंकेत चेंगरलं ते तुला मी कधी कळवलेलं नाही, कारण तू बंगळूरहून औषधं पाठवतोस. ते एकालाच ठाऊक आहे, ज्याने ट्रंकेचं झाकण उचललं होतं. दुसरं, तुझी तिन्ही पत्रं सोमवारची आहेत. म्हणजे माझं पत्र कधीही येवो, तू रविवार जाऊ देतोस. रविवारी तुझ्याकडे जेवायला कोण येतं? तिसरं, डुक्कर वळत नाही हे कळण्याइतका तू आयुष्यात कधी बाजूला झालेला नाहीस.

बोटाचं पत्र आलं तेव्हाच मी ओळखलं होतं. त्यानंतरचं पत्र मी तुला लिहिलेलं नव्हतं.

खरं काय ते लिही.

हेमा

◆

मल्लेश्वरम, ६ ऑक्टोबर २०२५

चि. हेमा,

हा सुद्धा सोमवारच आहे. आता लपवायचं काय.

तुझं पहिलं पत्र वाचायला काढलं तेव्हा तो इथेच पानावर बसला होता. बंगळुरातच हेब्बाळला राहतो, दर रविवारी येतो. मी पत्र खिशात घालत होतो, पण वसुमतीला वाटलं राखीबद्दल असेल, तिने मोठ्याने वाचलं. त्याला कळू देऊ नकोस ही ओळ तर तिने सगळ्यात स्पष्ट वाचली. त्याने आणखी भात घेतला. जेवण झाल्यावर म्हणाला, मामा, तिला वैदू व्हायला सांग. यंत्रही त्यानेच आणून दिलं.

म्हणजे सूचना सगळ्या त्याच्या. टोमणे माझे. मी अजून बोकडतोंड्याच्या पुलावरच मरतोय. हे वसुमतीलाही सांगितलेलं नाही, तिला वाटतं मी गडावर पोचलो.

चौदा मरणांवर तो हसला. जोड्यांवर तर ठसका लागून पाणी द्यावं लागलं. मग वाटीचं पत्र आलं. मी वाचत होतो, आणि घ्यायला येतं, द्यायला येत नाही इथवर आलो तेव्हा त्याचा घास हातातच राहिला. हात धुऊन आला, म्हणाला, द्या इकडे. ती ओळ त्याने स्वतः वाचली, खालचं डब्याचंही वाचलं, आणि ताक न पिता निघून गेला. दुसऱ्या दिवशीचं माझं पत्र कोरडं झालं ते यासाठी. वाटी विकू नकोस एवढं मी माझ्या पदरचं लिहिलं.

पुढचं त्याच्याकडून कळलं. ऑफिसातले चौघे त्याच्याशी भांडले. परत ठेवायची सोय करायची म्हणजे सगळी फडताळं नव्याने करायची, आणि मागितलंय कुणी? तो म्हणाला, एका बाईने. दहा दिवस तो तिथेच बसून होता. आता ऐकतो की कुठल्या कुठल्या पोरांनी त्या भीमाचार्याच्या फडताळात लाडू, फुलं, तलवारी आणून ठेवल्या आहेत. म्हाताऱ्याचं घर भरून गेलंय.

डबा त्याच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या फळीवर आहे. मी डोळ्यांनी पाहिलाय. मी त्याला विचारलं, अरे गाढवा, तीन वर्षं एक डबा पाठवता येत नाही? तर म्हणाला, दर दिवाळीला खाली काढतो, मामा. दुकानाचं घालून पाठवलं तर आई रस्त्यावर फेकेल. स्वतःचं केलेलं काही तयार झालं नव्हतं. आणि झालं ते डब्यात भरता येत नाही.

तू आणि तो, दोघेही त्या डुकरासारखे. सरळ धावता, वळत नाही. मी चाळीस वर्षं लोखंड वळवलं, पण तुमच्यापुढे हात टेकले.

भाऊबीज तेवीस तारखेला आहे. पाट मांडून ठेवतो. यायचं तर ये, नाहीतर ओवाळणी पोस्टाने पाठवायला मी काही लाचार नाही.

अण्णा

◆

मिरज, १३ ऑक्टोबर २०२५

चि. निहार,

तुझ्या मामाने सगळं कबूल केलं आहे, तेव्हा आता त्याच्या तोंडून बोलायचं कारण उरलं नाही.

माझ्या वहीत एकतीस चुका झाल्या आहेत. वही घेऊन येते आहे. खिरीत जायफळ नाही. भीमाचार्याच्या घरात तुळस दाराच्या मागे आहे, तिथे तिला ऊन कुठून मिळणार? सकवारबाई दिवसभर दुकानात उभी असते, तिला बसायला साधा पाट नाही. समईची वात कुणी पुढे सरकवत नाही आणि ती विझत नाही, हे कसं? शास्त्र शिकलेल्या माणसाने तरी असं करू नये. बाकीच्या समोर बसून सांगेन.

डब्यावरचा एक ठिपका सुटलेला आहे. ती चूक मी वहीत घेतलेली नाही.

तुला एका ओळीचं पत्र लिहायचं ठरवलं होतं. ती ओळ काय होती ते मामीने वाचून दाखवलंच असेल. ते पत्र खेळ संपल्यावर लिहायचं होतं आणि खेळ संपलेला नाही. शेवटचं दार तसंच आहे. धूम्रासुर गड सोडून कुठे जात नाही. तुझ्याकडे बसून उघडू. यंत्र माझ्या हातात राहील, तू फक्त बघायचंस. मी मेले तर हसायचं नाही.

भाऊबीजेला अण्णाकडे येते, दुसऱ्या दिवशी हेब्बाळला. येताना शेंगदाण्याचं सारण करून आणते, पोळ्या तुझ्या गॅसवर भाजते. डब्यात काही भरायच्या भानगडीत पडू नकोस, रिकामाच दे. तो मी भरणार आणि तुझ्याकडेच ठेवून येणार. मग परत करायची पाळी तुझ्यावर. पोस्टाने पाठवायचा नाही. मिरजेला स्वतः घेऊन यायचा, आणि त्यात काय घालायचं ते तू बघ. वाटेल ते चालेल, मी रस्त्यावर फेकणार नाही.

खेळण्यांवर पोट भरणाऱ्याच्या घरचं पाणी पिणार नाही, असं मी म्हणाले होते. शब्द फिरवणारी मी नव्हे, हे तुला माहीत आहे.

चहाबद्दल काही बोलले नव्हते.

आई